जुन्या संगणकांची उत्तरपूजा

माझी सख्खी आई माझ्या टेबलासमोर न येता शेजारच्या टेबलाच्या रांगेत उभी राहिली, त्या दिवशी माझे कान तापले ते अजून गार झालेले नाहीत. माझ्यासमोर एकही माणूस नव्हता. शेजारच्या टेबलासमोर दारापर्यंत रांग होती, आणि त्या रांगेत आई, पासबुक छातीशी धरून, पुढच्या बाईला तिच्या सुनेचं विचारत होती. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

घरी गेल्यावर मी विचारलं, "काहून वं आई, मी मोकळी बसली होती न?"

"तू लय प्रश्न विचारतं," आई म्हणाली. "ती पोरगी निस्ती हासते अन् काम करून देते."

ती पोरगी म्हणजे माझी सहकारी. यवतमाळच्या एका पतसंस्थेत आम्ही दोघी संगणकावर बसतो. आमचं वय एक, पगार एक, लागलोही बरोबरच. ती कळंबकडच्या शेतकरी घरातली. घरची कपाशीची पऱ्हाटी, घरची तूर, आणि स्वतःची स्कूटी. ऑफिसात आली की आधी शिपाईकाकांच्या गुडघ्याची चौकशी, मग साहेबांच्या चहाची, मग कॉम्प्युटर सुरू. साहेब तिला 'बेटा' म्हणतात. मला 'मॅडम' म्हणतात, आणि त्या शब्दात जेवढा आदर असतो त्याहून जास्त अंतर असतं.

मी वेगळ्या घरात वाढले. माझे वडील सायकलवर पुस्तिका विकायचे. आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतली आणि वडिलांच्या पिढीनं ती वाचली, असं ते म्हणायचे. जयंतीला, सभेला, बाजाराच्या दिवशी आर्णीला, जिथं माणसं जमतील तिथं निळं कापड अंथरायचं आणि त्यावर पिना मारलेल्या सोळा पानी, बत्तीस पानी पुस्तिका मांडायच्या. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती. मी वाचायला शिकले ते 'जागे व्हा' या दोन शब्दांवर. त्यामुळे मला सौम्य बोलता येत नाही. मी 'पाणी द्या' म्हटलं तरी ऐकणाऱ्याला ती मागणी वाटते.

ऑफिसच्या मागे एक खोली होती. नवे संगणक आले की जुने तिथं जायचे. सीपीयूचे डबे, फुगलेले मॉनिटर, तारांची गुंतावळ, मेलेले यूपीएस. सगळ्यावर कापसाच्या धुळीचा पांढरा थर. एका डब्याच्या पंख्यात पालीनं अंडी घातलेली. आणि प्रत्येक डब्याच्या कपाळावर कुंकू. खंडेनवमीला आमच्या ऑफिसात यंत्रांची पूजा होते. जो संगणक चालतो त्याचीही, आणि जो कधीचा बंद पडला आहे त्याचीही. काका म्हणायचे, म्हातारा बैल झाला म्हणून पोळ्याले झूल घालत नाही का? त्यामुळे मागच्या खोलीतल्या प्रत्येक यंत्रावर वर्षावर्षाचं कुंकू साचून त्याची खपली झाली होती, आणि वाळका झेंडू तारांत अडकलेला होता.

घरमालकानं खोली मागितली. साहेबांनी ठरवलं, सोमवारी भंगारवाला बोलवायचा आणि सगळं आहे तसं उचलून द्यायचं.

'आहे तसं' हे दोन शब्द ऐकून मी खुर्चीतून उठले. त्या डब्यांत काय होतं ते मला माहीत होतं, कारण त्यातलं बरंच मीच भरलं होतं. सभासदांचे फोटो, सह्या, आधारची प्रत, जमिनीचे कागद, अंगठ्याचे ठसे. आमच्या वस्तीतल्या बायका आधी या पतसंस्थेत यायला तयार नव्हत्या. मी घरोघरी फिरून त्यांना आणलं. एक मावशी अंगठा टेकवताना थबकली होती. म्हणाली, "बाई, हा अंगठा कुठं जाईन?" मी तिला म्हटलं होतं, कुठं जाणार नाही, इथंच राहील, माझी जबाबदारी. तो अंगठा आता सोमवारी हातगाडीवर चढणार होता. त्याच्याबरोबर माझा शब्दही.

साहेब म्हणाले, "मॅडम, डिलीट करून टाका न मग."

मी सांगितलं की डिलीट केलं की नुसता पत्ता पुसला जातो, माल जागेवरच राहतो, आणि ज्याला काढता येतो तो काढतो. जे संगणक सुरू होतात त्यांच्या डिस्क सॉफ्टवेअरनं वरून लिहून पुसता येतील. पण निम्म्याहून जास्त यंत्रं सुरूच होत नव्हती, आणि मुक्या डिस्कच्या पोटातही सगळं शाबूत असतं. तिथं एकच उपाय, डिस्क बाहेर काढायची आणि तिला आरपार भोकं पाडायची. उरलेलं सामान भंगारवाल्याला द्यायचं नाही, ई-कचऱ्याची नोंदणी असलेल्या माणसाला द्यायचं. भंगारवाला तांब्यासाठी तारा जाळतो, काचा फोडतो, आणि त्यातलं शिसं कुणाच्या तरी विहिरीत उतरतं.

साहेबांना यातलं सगळं पटलं. अडलं ते 'भोकं' या शब्दापाशी. काकांनी तर कानाला हात लावला.

"पूजेच्या वस्तूले भोक पाडाचं? मॅडम, अंगावर ओरखडा न येऊ देता द्यावं लागते. गाय देतो आपण, तर शिंगं मोडून देतो का?"

"काका, हा डबा आहे. गाय नाही."

"तुमच्यासाठी डबा. दर नवमीले मी याले हात जोडले."

मी तिथंच बोलायला लागले. डब्याला देव करणारा समाज, वगैरे. मी जितकं बोलत होते तितके काका ताठ होत होते, आणि साहेब खिडकीबाहेर पाहत होते. शेवटी ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे मॅडम, पण माणसाच्या भावना असतात न."

मग मी ते केलं जे आमच्या घरात अशा वेळी करतात. पत्रक लिहिलं. दोन पानं. मथळा होता, 'सभासदांचा विश्वास भंगारात!' झेरॉक्स काढून प्रत्येकाच्या टेबलावर ठेवलं. काकांनी त्याच्यावर जेवणाचा डबा ठेवून भाजी खाल्ली. साहेब म्हणाले, "छान लिहिता तुम्ही." पत्रक लिहिणाऱ्याला याहून मोठी शिवी नसते.

वाचलं फक्त शेजारच्या टेबलावरच्या त्या पोरीनं. दोन्ही पानं, ओळीवर बोट ठेवून. मग खुर्ची सरकवून माझ्याजवळ आली.

"शेवटचं वाक्य सोडून सगळं पटलं मले."

शेवटच्या वाक्यात मी 'कुंकवाच्या चिखलात रुतलेली अक्कल' असं काहीतरी लिहिलं होतं.

"ते काहून नाही पटलं?"

"कुंकू मीच लावतो न दर साली," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "पण अंगठ्याचं खरं आहे तुझं. माझ्या आजीचा बी अंगठा आहे त्याच्यात."

एवढं बोलून ती उठली आणि काकांच्या स्टुलाजवळ जाऊन उभी राहिली. मी पासबुकात डोकं घालून ऐकत होते.

"काका, गणपती विहिरीत सोडाच्या आधी काय करता तुम्ही?"

"उत्तरपूजा. अक्षता टाकतो, मूर्ती जराशी हालवतो."

"कायले हालवता?"

"देव उठला म्हनून. मंग निस्ती माती राह्यते."

"मातीचा गणपती पाण्यात इरघळते तेव्हा पाप लागते का?"

"काहून लागन? देव गेला न त्याच्यातून."

"मंग याईलेबी उठवू न काका. देव नव्या कॉम्प्युटरात नेऊ. राह्यलं ते टिन."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग हसले. "लय चाप्टर हायेस तू, पोरी." आणि साहेबांच्या केबिनकडे बघून म्हणाले, "साहेब, आयकलं का? हे जमते."

जमलं! माझी दोन पानं, माझं शिसं, माझी विहीर, माझा घसा. आणि तिचे तीन प्रश्न. मी संगणकाच्या पडद्याकडे बघत बसले. मला जे हवं होतं तेच होणार होतं आणि मला ते नको झालं होतं. विवेकानं जे हरलं ते अक्षतांनी जिंकावं, हे तत्त्वाला धरून नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. तत्त्व होतं हे खरंच आहे. पण तत्त्वानं कान तापत नाहीत. हे तिला सुचलं आणि मला सुचलं नाही, याचा तो दाह होता. मला ते सुचणं शक्यच नव्हतं, कारण त्या माणसांच्या मनाच्या घरात मी कधी चप्पल काढून गेलेच नव्हते. ती तिथं राहतच होती. या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त हेवा वाटला, आणि अजून वाटतो.

शनिवारी कामकाज संपल्यावर उत्तरपूजा झाली. मागच्या खोलीतली सगळी यंत्रं पुसून हॉलमध्ये एका ओळीत मांडली. तिनं घरून अक्षता, उदबत्ती आणि पेढे आणले होते. एकेका डब्यावर अक्षता टाकायची, डबा दोन्ही हातांनी जरासा हलवायचा, आणि मग नव्या संगणकाच्या कपाळावर तेच हात टेकवायचे. साहेब हात जोडून उभे होते. काका तर प्रत्येक डब्याला काहीतरी पुटपुटत होते. एकदा मला ऐकू आलं, "लय काम केलंस बाप्पा." मी दाराला टेकून, हाताची घडी घालून उभी होते. कोणी हात जोडायला सांगितलं तर काय उत्तर द्यायचं ते मी पाठ करून आले होते. कोणी सांगितलंच नाही. याचाही राग आला.

मग ती आणि मी, दोघींनी डबे उघडले. स्क्रू काढले, डिस्क बाहेर घेतल्या. समोर नव्या काउंटरचं काम चाललं होतं, तिथल्या सुताराकडून ड्रिल मशीन आणि लोखंडाला भोक पाडायचा टोकदार बिट मागून आणला होता. लाकडी फळीवर पहिली डिस्क ठेवली. हाताच्या पंजाएवढी, जड, थंड.

आणि सगळे थांबले.

काका मागे सरकले. साहेबांनी घसा साफ केला. "पहिलं मॅडमनी करावं. नाही म्हणजे, त्यांना काही लागत नाही. तुमच्यात हे मानत नाहीत न."

'तुमच्यात.'

साहेब वाईट माणूस नाहीत. तो शब्द त्यांनी अगदी सहज, सोय म्हणून उच्चारला. पण आमच्या घरात त्या सोयीचा इतिहास पाठ आहे. गावात जनावर मेलं की निरोप आमच्या आळीत यायचा. ज्यांनी त्या गाईची पूजा केली ते तिला हात लावायचे नाहीत, कारण त्यांना विटाळ लागायचा. आम्हाला लागत नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं. माझ्या आजोबांनी एक दिवस निरोप घेऊन आलेल्या माणसाला सांगितलं, यापुढे ढोर ओढणार नाही, ज्याचं त्यानं ओढावं. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांना कुणाच्या शेतात काम मिळालं नाही. आणि आता माझ्यासमोर फळीवर तेच ढोर ठेवलं होतं, ओळीत मांडलेली मेलेली यंत्रं, आणि माझ्या हातात ड्रिल देऊ पाहणारा एक सज्जन माणूस.

"सर," मी म्हटलं, "माझ्या आजोबांनी मेलेलं ढोर ओढायचं सोडलं. पहिलं भोक मी पाडणार नाही. ज्यांनी पूजा केली त्यांनी पाडावं. मग मी सगळ्या डिस्क करीन."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांना खरंच कळलं नव्हतं, आणि आता कळलं होतं. काका खाली बघत होते. कोणी पुढे येईना. मला कळत होतं की असंच राहिलं तर साहेब म्हणतील जाऊ द्या, आणि सोमवारी हातगाडी येईल. एका बाजूला मावशीचा अंगठा, दुसऱ्या बाजूला आजोबा. मला दोन्ही हवे होते आणि मी जागची हलत नव्हते.

तेव्हा ती उठली. स्कूटी चालवताना या भागातल्या पोरी तोंडाला बांधतात तसा तिनं स्कार्फ बांधला, गॉगल घातला, आणि ड्रिल उचललं.

"सर, कुंकू मी लावलं होतं याईले. मीच लावलं, मीच फोडतो."

ड्रिल किंचाळलं. डिस्कमधून चांदीसारखा चुरा उडाला. तिनं एक भोक पाडलं, फळी सरकवून दुसरं पाडलं, उचलून उजेडाकडे धरलं. आरपार दिसत होतं.

मी तिचे आभार मानायला हवे होते. माझ्या बाजूनं उभं राहायला त्या खोलीत दुसरं कोण होतं? पण माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता की हा क्षण माझा होता. हा आमच्या घरानं तीन पिढ्या कमावलेला क्षण होता आणि तो तिनं एका वाक्यात नेला. तेही किती साध्या वाक्यात! मी असते तर उद्गारचिन्ह घातलं असतं.

दुसरी डिस्क ती उचलणार, एवढ्यात मी म्हटलं, "थांब. आता सर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिनं गॉगल काढून त्यांच्यापुढे धरला. साहेबांनी तो घातला. बिट दोनदा घसरला, पण भोक पडलं. मग काकांनी. त्यांनी आधी डिस्कला नमस्कार केला, मग मशीन असं दाबलं की फळीलाही भोक पडलं. "आयला, माखनावानी गेलं," ते म्हणाले, आणि दुसरी मागितली. मग मी. त्यानंतर मात्र मी कोणाच्या हातात मशीन दिलं नाही. प्रत्येक डिस्कला तीन-तीन भोकं, वेगवेगळ्या जागी. मशीन तापलं की थांबायचं, मग पुन्हा. ती शेजारी बसून डिस्कवरचे नंबर वाचून दाखवत होती, मी पाडून झालं की 'झालं' म्हणत होते. तेवढा वेळ आम्ही दोघी चांगल्या होतो, हे मला कबूल करायला हवं.

भंगारवाल्याला तिनंच फोन केला. लोखंडी रॅक आणि रद्दी देऊन त्याला खूश केलं. संगणकाचं सामान नागपूरकडच्या नोंदणीवाल्यांची गाडी येऊन घेऊन गेली आणि त्यांनी तशी पावती दिली.

त्या मावशीला मी घरी जाऊन सांगितलं, तुमचा अंगठा कुठं गेला नाही, मी स्वतः त्याला भोक पाडलं. ती हसून म्हणाली, "मंग आता चोराच्या कामाचा नाही न? बस झालं." आईला सगळी हकिकत सांगितली. साहेबांचं 'तुमच्यात', आजोबा, सगळं. आईनं शांतपणे ऐकलं. मला वाटलं, आता ती माझ्याबद्दल काही बोलेल.

"पहिलं भोक त्या पोरीनं पाडलं?"

"हो."

"हिंमतवान हाये वं." मग म्हणाली, "तुयंबी बरोबर होतं."

'बी'! त्या 'बी'वर मी दोन दिवस घरात बोलले नाही.

आमच्या कळंबच्या शाखेतही अशीच एक खोली होती. तिथल्या साहेबांचा फोन आला. म्हणे, ते उत्तरपूजेचं करतात त्या मॅडमला पाठवा. ती मला म्हणाली, "चाल न तू बी. मले एकटीले स्क्रू उघडता येत नाहीत." ते खोटं होतं. तिला येतात. तरी मी तिच्या स्कूटीवर मागे बसले, मांडीवर ड्रिल घेऊन, आणि रस्ताभर तिचं हेल्मेट बघत राहिले.

तिथं तिनं अक्षता टाकल्या, डबे हलवले. मी दाराशी उभी राहिले. डिस्क फळीवर आल्या तेव्हा तिनं कोणाला काही विचारलं नाही, सरळ तिथल्या साहेबांकडे गॉगल धरला. "सर, पहिलं भोक शाखेच्या प्रमुखानं पाडाचं, अशी पद्धत आहे." साहेबांनी मुकाट्यानं मशीन हातात घेतलं. त्यांच्या मागे शिपाई, त्यांच्यामागे कॅशियर, अशी रांग लागली. मी शेवटी. कोणी कोणाला 'तुमच्यात' म्हणालं नाही, कारण म्हणायला जागाच उरली नव्हती.

चहा पिताना तिथला कॅशियर म्हणाला, "लय चांगली पद्धत काढली मॅडम तुम्ही." ती हसली. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं असेल-नसेल, मी पाहिलं नाही, मी मुद्दाम बाहेर बघत होते.

उत्तरपूजा तिची, हे मला मान्य आहे. तिच्या जागी मी असते तरी मला सुचली नसती, आणि सुचली असती तर मी केली नसती. पण पहिलं भोक प्रमुखानं पाडायचं ही अट माझी आहे. ती माझ्या आजोबांकडून माझ्याकडे आली. तिथं मला कोणी विचारलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.